कासारीण मावशीचं सातवं दार

बांगड्या भरताना कासारीण मावशी हाताकडे कधीच बघत नसे. समोरच्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून ती पाताळराणीची गोष्ट सांगत बसायची, आणि राणीवर संकट कोसळायला आणि अंगठ्याच्या हाडावरून बांगडी पार व्हायला एकच गाठ पडायची. मी लग्न होऊन हिंगोलीकडच्या गोरेगावला आले, त्यानंतर महिन्याभराने माझ्या हाडकुळ्या हातात तिने इतक्या तंग बांगड्या चढवल्या की सासूबाई बघतच राहिल्या. मला दुखल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, "जीव गोष्टीत गुतला की हात सैल पडतो. म्हून गोष्टीतली अवघड जागा मी हाडापाशी ठेवत असते."

ती सेनगावची. बाजाराच्या दिवशी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन आमच्या ओसरीवर यायची. बाजारात इतर कासार चकचकीत माल मांडून बसलेले असत, पण आमच्या गल्लीतल्या बायका तिकडे ढुंकून बघत नसत. मागच्या बाजारी गोष्ट कुठवर आली होती त्यावर आधी वाद व्हायचा, मग बांगड्या. भरताना एखादी फुटली तर ती "वाढली" म्हणायची. दुसरा शब्द तिने कुणाला काढू दिला नाही. स्वतः विधवा, तेव्हा नवरीचा चुडा भरायला ती दिराला पाठवायची आणि घरी बसून राहायची. नवरीला गोष्ट मिळत नाही याचंच तिला जास्त वाईट वाटे.

गोष्ट तिची नव्हती. एका छापील कादंबरीतली होती. तिच्या नवऱ्याने ती औंढ्याच्या जत्रेतून आणली होती, आणि पावसाळ्यात धंदा थंडावला की रोज तो तिला वाचून दाखवायचा. संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. असे चार पावसाळे गेले आणि पटकीच्या साथीत तो गेला. त्याच्यामागे दिराने बांगड्यांच्या पुड्या बांधायला त्या पुस्तकाची पानं फाडून वापरली. मावशीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कसला कागद संपतोय हे तिला कळलं तेव्हा फक्त पुठ्ठा उरला होता. हे सांगताना ती रडत नसे. म्हणायची, "कागद गेला, पर आमचे मालक जसे वाचायचे तसंच मी सांगते. माझं एक अक्षर न्हाई त्यात."

आणि खरंच, सांगताना तिचा आवाज बदलायचा. जरा घोगरा, पुरुषी व्हायचा. तळ्याखाली एक शहर आहे, तिथे एक माळी पाय घसरून पोचतो, राणीचा त्याच्यावर जीव जडतो, आणि वर यायला सात दारं उघडावी लागतात. सहा उघडतात. सातवं उघडून दोघं बाहेर आली तर त्यांच्यामागून तळं उसळून काठची सगळी गावं बुडणार असतात. मग राणी माळ्याला एकट्याला वर ढकलते आणि आतून दार लावून घेते. मावशीचा शेवट ठरलेला होता: "दार लावताना राणीने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दार लागलं नसतं." हे एवढं ती अगदी पुस्तकी भाषेत बोलायची. ओसरीवर मग कुणी बराच वेळ उठत नसे. मी ही गोष्ट तीनदा ऐकली आणि तीनही वेळा तोंडाला पदर लावला.

माझं माहेर हिंगोलीचं. पंचमीला तिकडे गेले तर गावात सिनेमा आलेला. कापसाच्या एका गोदामाची दारं-खिडक्या गोणपाटाने झाकून दुपारी खास बायकांचा खेळ दाखवत होते, आणि सिनेमा नेमका त्याच कादंबरीवरचा! आता खरं सांगते, सिनेमा यथातथाच होता. तळ्यातली कमळं कागदाची, एका राक्षसाला वर उचलणारा दोर साफ दिसत होता, आणि पाताळराणी चांगली थोराड बाई होती. पण शेवटी सातवं दार उघडलं, पाणीबिणी काही आलं नाही, हत्तीवर बसून दोघांची वरात निघाली. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला ती वरात फार आवडली.

परत आले ती ही वरात डोळ्यांत घेऊनच. पुढच्या बाजारी मावशी सातव्या दारापाशी पोचली, आणि दहा बायकांसमोर मी तिला मधेच तोडलं. सिनेमा पाहिलेली गल्लीत मी एकटी, वर चौथी शिकलेली. मला कोण मिजास! वरात सांगितली, हत्ती सांगितला. आणि मग म्हणाले, "मावशी, पुस्तक वाचल्याशिवाय का कुणी सिनेमा काढतं? शेवट तुम्ही मनचा जोडलाय."

तिच्या हातातली बांगडी समोरच्या बाईच्या हाडापाशी अडकून राहिली. बायका माझ्याकडे वळून हत्तीचं विचारायला लागल्या होत्या. मावशी हळूच म्हणाली, "मंग मी चार साल काय ऐकलं, धाकल्या बाई?"

तेव्हाच गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण तिने स्वतःच सिनेमा बघायचा म्हटलं आणि मी उत्साहाने तिला बैलगाडीत घालून हिंगोलीला नेलं. मला माझं म्हणणं सिद्ध करायचं होतं, दुसरं काही नाही. अंधारात तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. पडद्यावर राणी आली तेव्हा तिने विचारलं, "ही राणी?" मी हो म्हटलं. तिने माझं मनगट सोडलं. परतताना गाडीत म्हणाली, "एवढे शिकलेले लोक, ते काहून चुकतील? मीच इसरले असंल."

त्यानंतर ती गोष्ट सांगेनाशी झाली. बायकांनी आग्रह केला की "बराबर आठवत न्हाई" म्हणायची आणि मुकाट्याने हात दाबायची. आता हात दुखायचे, बांगड्या वाढायच्या. एकेक बाई बाजारातल्या कासारांकडे जाऊ लागली. पुढे महायुद्ध पेटलं; त्या लढाईमुळे काचेचा माल मिळेनासा झाला, तशी मावशीची खेप आधी महिन्यावर गेली, मग बंदच पडली. मी स्वतःला सांगत राहिले की हे लढाईमुळे झालं.

लढाई संपली त्या वर्षी माझ्या भावाने नांदेडहून जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा आणला. त्यात पाताळराणीची ती कादंबरी होती. मी उभ्याउभ्या शेवटचं पान काढलं. दार लावताना राणीने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दार लागलं नसतं. वरात नव्हती, हत्ती नव्हता. शेवट सिनेमावाल्यांनीच बदलला होता. मावशीने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं, आणि मी दहा बायकांसमोर तिला खोटं पाडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन सेनगावला गेले. मावशी दारातच बसली होती, वाळलेली. मी तिचे पाय धरले, चुकले म्हणून सांगितलं, आणि शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, तिचा चेहरा उजळेल.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी वाचलं ते खरं असंल, बाई. पर मला आता त्या पडद्यावरल्या बाईचंच तोंड दिसतं. पहिले गोष्ट सांगताना मालकाचा आवाज कानात यायचा. सिनेमा पाहिल्यापून येत न्हाई."

मी पुस्तक मिटलं. तीच म्हणाली, "एकदा परत वाचा. जरा दमानं. ते लई दमानं वाचायचे."

तिने डोळे मिटले. मी वाचायला लागले, एकेक शब्द सुटा करून, आवाज होईल तितका जाड करून. "आणखी दमानं," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. मी आणखी हळू वाचलं. पान संपलं तेव्हा तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि नुसती नाही म्हणून मान हलवली.