बंद दाराआडची वीस मिनिटं

गल्लीत त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली, की आत शिरून दुकानदाराला ती दाखवल्याशिवाय काकांचा पाय पुढे पडत नसे. ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी काकूंना मधुमेह निघाला. मग काकांनी काकूंचा आजारच तपासायला घेतला. दवाखान्याची फाईल त्यांच्या काखेत, गोळ्यांचा डबा त्यांच्या कपाटात. डॉक्टरीण काकूंना विचारायची, "कसं वाटतंय?" आणि उत्तर काका द्यायचे. "हिला डाव्या पायाला मुंग्या येतात." काकू पर्सची चेन मागेपुढे करत बसायच्या. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

एका सोमवारी दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत एक नवीन बाई टेबल टाकून बसली होती. येणाऱ्या पेशंटना औषधांच्या सूचना, तपासणीचे कागद कितपत समजतात, याची ती पाहणी करत होती. काकूंना बोलावणं आलं, तसे काकाही फाईल घेऊन उठले.

"काका, तुम्ही बाहेर थांबा. पेशंटनं एकट्यानं उत्तरं द्यायचीत."

"अहो, तिला काय कळतंय त्यातलं? सगळं मीच बघतो."

"तेच तर मोजायचंय," बाई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

काका बाकावर बसले, उठले, वजनकाट्याजवळ जाऊन उभे राहिले. तिथून दार जवळ होतं. आधी नुसतीच कुजबुज ऐकू आली. मग काकू हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या. घरात असं हसू शेवटचं कधी ऐकलं, ते काकांना काही केल्या आठवेना. ते दाराच्या आणखी जवळ सरकले.

वीस मिनिटांनी काकू बाहेर आल्या.

"काय विचारलं?"

"असंच."

"असंच म्हणजे काय?"

"बाहेर सांगायचं नसतं म्हणे."

शेजारणीच्या नणंदेची भानगडसुद्धा जिच्या पोटात तासभर राहत नाही, त्या बायकोच्या तोंडाला आज कुलूप! काका घरापर्यंत चार पावलं पुढेच चालले. संध्याकाळी भाजी चिरता चिरता काकू म्हणाल्या, "किती नीट ऐकून घेते हो ती. मध्ये एक शब्द बोलत नाही." काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी काकूंनी गोळ्यांचा डबा कपाटातून काढून आपल्या उशाशी ठेवला, तेव्हा तर कहरच झाला. आपल्यालाही बसू दे म्हणावं त्या परीक्षेला, काकांनी मनाशी ठरवलं. मग कळेल कुणाला किती समजतं ते.

पण परीक्षा होती पेशंटांची. सर्दीखोकल्यापलीकडे काकांना कधी काही झालं नव्हतं. म्हणून काकूंना न सांगता ते दवाखान्यात गेले, चक्कर येते म्हणून चक्क खोटं सांगितलं आणि केसपेपर काढला. नर्सनं दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला. मग दुसऱ्या दंडाला बांधला.

"काका, एकशे ऐंशी आहे वरचं. कधीपासून येतेय चक्कर?"

आता मात्र ती खरोखरच येईल असं काकांना वाटलं. डॉक्टरीण बराच वेळ समजावून सांगत होती. काका मान डोलवत होते. शब्द कानावर पडत होते, डोक्यात एकही शिरत नव्हता.

तरी ठरल्याप्रमाणे ते ड्रेसिंगच्या खोलीत गेलेच. बाईनं दिलेला तक्ता त्यांनी एका दमात वाचून काढला. वर म्हणाले, "तुम्ही 'मुत्रपिंड' छापलंय. मू दीर्घ हवा." बाईनं ते लिहून घेतलं. काका जरा सुखावले.

"आता डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगा. गोळी कधी घ्यायची?"

काकांनी चिठ्ठी उचलली.

"कागद न बघता, काका."

"एक गोळी... सकाळी. बहुतेक."

"आणि बरं वाटायला लागलं तर?"

"मग कशाला घ्यायची?"

बाईनं कागदावर कुठेतरी एक खूण केली. आपण चुकलो हे काकांना कळलं. दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करण्यात हयात गेलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही.

"दवाखान्यातले कागद समजायला कुणाची मदत लागते?"

"छे! छे!" काका म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. "हिनं काय सांगितलं याला?"

"ते मी नाही सांगू शकत."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"असाल ना. पण उत्तर त्यांचं आहे."

घरी काकांचं तोंड आणि खिशातली चिठ्ठी बघूनच काकूंना सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरणीकडे गेल्या. "ह्यांना गोळी बरं वाटलं तरी चालूच ठेवायची ना? एखाद्या दिवशी विसरली तर? मिठाचं कसं करायचं?" बोटं मोजत मोजत त्यांनी विचारलं. डॉक्टरीण काकूंकडे बघून उत्तरं देत होती. काका मधल्या खुर्चीत गप्प बसून होते, आणि बिघडलेल्या रक्तदाबापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं.

परतताना त्यांनी शेवटी विचारलंच. "मदतीच्या प्रश्नाला काय म्हणालीस तू?"

"म्हटलं, मला लागत नाही. पण ह्यांना करू देते."

"का?"

"छापखाना सुटल्यावर तुम्ही दिवसदिवस खिडकीत बसून असायचात. फाईल हाती आली आणि तुम्ही उठलात. मग मी कशाला काही बोलू?"

काका चालता चालता थांबले. नऊ वर्षं आपण हिला सांभाळतोय, अशी त्यांची समजूत होती.

आता घरात दोन फायली आहेत, ज्याची त्याच्याकडे. काकांचा दाब उतरलाय, गोळी ते न चुकता घेतात. पाहणी संपली, तेव्हा सूचनांचे नवे कागद पेशंटांना समजतात का हे बघायला बाईनं काकूंनाच बोलावलं. काकांना नाही. दर गुरुवारी काकू दोन तास तिकडे जातात. जळफळाट पुरता गेलाय असं काही म्हणता येणार नाही. त्या चपला घालायला लागल्या, की काका "लवकर ये" म्हणतात, आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा एकदा म्हणतात.