अर्धं ठिगळ

आमच्या भावजींना स्वच्छ वस्तूचा राग यायचा. घर सारवून, भांडी घासून मी जरा टेकले, की हे चुलीतली राख, दिव्याची काजळी आणि एरंडेलाची बाटली घेऊन ओसरीवर बसायचे. पुढ्यात हातभर लांबीचं लाकडी लढाऊ विमान. नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणून माणसानं सोसायचं तरी किती? एकदा मी कडाडलेच, "एरंडेल पोरांच्या पोटासाठी आणलंय, तुमच्या विमानाच्या नाही!"

"इमान एरंडेलच पितंय, वहिनी," मान वर न करता ते म्हणाले. "पितंय आन् वकतंय. सगळं पोट काळं हुतंय त्याचं. चकचकीत इमान म्हंजी कदी न उडल्यालं इमान."

पहिल्या मोठ्या लढाईत भावजी पलटणीत शिंपी म्हणून भरती झाले होते. तिकडं इराकात बसऱ्याला उतरल्यावर त्यांना कळलं, की विमानाचे पंख कापडाचे असतात, आणि गोळ्यांनी फाटले की ठिगळ लावायला शिंपीच लागतो. "सायबाच्या चड्ड्या शिवाया गेलो आन् इमानाला कापडं शिवून आलो," असं ते सांगायचे, पण स्वतः कधी हसायचे नाहीत. दुकानात एखादं गिऱ्हाईक लढाईतली मर्दुमकी विचारायला लागलं, की कात्री आपटून त्याला वाटेला लावायचे. अशानं दुकान कसं चालणार? नव्हतंच चालत.

पंखांना त्यांनी मागावरचं कापड खळ देऊन ताणून बसवलं होतं. वर मातकट रंग, त्यावर निळे-तांबडे गोल. इतकं देखणं झालं आणि मग या गृहस्थांनी ते नासवायला घेतलं. सोलापूरची काळी माती त्यांना चालेना. "बसऱ्याची धूळ पिवळी," म्हणत भिंतीला लावायची पिवळी माती वस्त्रगाळ करून त्यावर फुंकली. वैमानिक पाय ठेवून चढतो तिथला रंग नखानं खरवडला. खालच्या पंखावर एक ठिगळ लावलं, तेही अर्धंच. दोरा तसाच लोंबता.

"पुरं करा की आता," मी म्हटलं.

"इराप्पानं पुरं केलं न्हाय. मी कोण पुरं करनार?"

हा इराप्पा जवळच्या मंद्रूप गावचा, लढाईत भावजींच्या शेजारी बसून शिवणारा. शत्रूनं वरून बॉम्ब टाकले तेव्हा तो पंखाखाली ठिगळ लावत होता, तिथंच मेला. त्याच्या गावात मात्र कुणीतरी उठवलं, पळताना मेला म्हणून. त्याची म्हातारी आई दर मंगळवारी बाजाराला आली की आमच्या दारात बसायची. तिला नीट दिसत नव्हतं. तो पळाला नाही, असं भावजी सांगायचे आणि ती एवढंच म्हणायची, "सांगू नगं लेकरा. कुटं बसला हुता, त्ये दाव." त्यासाठी हे विमान!

तेवढ्यात आमच्या सोलापुरात प्रदर्शन भरलं. त्याचे पुढारी एक रावसाहेब, त्यांनी मांडायला विमान मागितलं. मंगळवारी म्हातारीला बघू द्यायचं, या एका अटीवर भावजींनी विमान दिलं. मंगळवारी आम्ही तिला आणि तिच्या गावच्या चार माणसांना घेऊन गेलो, आणि बघतो तर काय, विमान लखलखीत चंदेरी! ठिगळ रंगात बुडालेलं, दोरा कापलेला.

"साहेब यायचेत," रावसाहेब म्हणाले. "असलं कळकट विमान त्यांच्यापुढं ठेवायचं? चांगलं उजळून दिलंय, उपकार माना." मेल्याच्या तोंडावर काजळीचं भांडं उपडं करावं, असं मला वाटलं.

म्हातारीचा हात गुळगुळीत पंखावरून फिरला. "कुटाय रं?"

मंद्रूपचा एकजण पुटपुटला, "पळत्याचं कसलं ठिगळ!"

"पळालो त्यो मी!" भावजी ओरडले. "मी पळालो. इराप्पाला हाक मारली, तर म्हनला, दोन टाकं घालून आलोच. मी ऱ्हायलो हितं तुमचं बोलनं ऐकाय, आन् त्यो ऱ्हायला तितं!"

रावसाहेब "धरा, धरा" करत राहिले. भावजींनी कात्रीच्या टोकानं चंदेरी रंग खरवडला, ठिगळ उचकटलं, सदऱ्याच्या गळपट्टीतली सुई काढली आणि तिथंच बसून अर्धं पुन्हा शिवलं. दोरा लोंबता ठेवला. मग म्हातारीचं बोट धरून टाक्यांवर ठेवलं. बोट टाके चाचपत गेलं आणि टाके संपले तिथं थांबलं.

"हितं?"

"हितं, मावशी."

ती गावकऱ्यांकडे वळली. "पळनाऱ्याच्या हातात सुई असती व्हय रं?"

त्यानंतरही भावजींचा राग गेला नाही. का जावा? पुढं भावजी वारले, विमान माझ्याकडे आलं. ठिगळाच्या कडेला तो चंदेरी रंग अजून आहे, दिसला की माझं डोकं फिरतं. दर दिवाळीला सून फडकं घेऊन येते. "सासूबाई, धूळ राहू द्या, पण एवढा लोंबता दोरा तरी कापू?"

"कापून तर बघ!" मी म्हणते.