काकू म्हणते, हे क्रिंज आहे

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ‘क्रिंज’ हा शब्द आमच्या शेजारच्या काकांइतका बिनचूक कोणालाच वापरता येत नाही, हे मी पैज लावून सांगतो. कॉलेजातली पोरं ऊठसूट म्हणतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी क्रिंज! काकांचं तसं नाही. रामाकोन्याकडच्या एका पुढाऱ्याने स्वतःच फ्लेक्स लावून स्वतःलाच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तेव्हा काका म्हणाले, “करून राहिला तो, अन् कान गरम होऊन राहिले आपले. याले क्रिंज म्हणतात.” याहून सरळ अर्थ कोण सांगणार? मी विचारलं, “हा शब्द तुम्हाला शिकवला कोणी?” “तुह्या काकूनं,” ते म्हणाले. माझ्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली. काकू वारली तेव्हा हा शब्द आमच्या गावात कोणी ऐकलाही नव्हता.

काकू आपल्याशी बोलते, असं काकांचं ठाम म्हणणं. ओसरीवर तिची वेताची खुर्ची, खुर्चीपुढे तिचा चहाचा कप. काकांनी केस काळे केले की ती म्हणायची क्रिंज, भडक शर्ट घातला की क्रिंज. मग काका निमूट आत जाऊन शर्ट बदलून येत. भर दुपारी, बागेत पानही हलत नसताना, ती खुर्ची आपोआप करकरायची. मी काकांची चेष्टा करायचो खरी, पण त्या खुर्चीत बसायची आपली काही हिंमत झाली नाही बुवा.

मग त्यांच्या पिंकीला पाहायला नागपूरचे पाहुणे यायचे ठरले. आधीचं स्थळ काकांच्या याच बोलण्यापायी मोडलं होतं, आणि हा मुलगा तर पिंकीला मनापासून आवडला होता. ती रडवेली होऊन म्हणाली, “बाबा, आजच्या दिवस आईसंग बोलू नका.” काकांनी मान डोलावली. पोहे झाले, चहा आला. मुलाची आई नेमकी त्याच खुर्चीत टेकली आणि चटका बसल्यासारखी उठली. “अगं बाई! इथे कोणी बसलंय का?” पिंकीचा चेहरा पांढराफटक पडला. काका खुर्चीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “नाही जी. कोणीच नाही. बसा तुम्ही.”

साक्षगंध झालं, लग्न थाटात लागलं, पिंकी सुखात आहे. काकूचा आवाज मात्र त्या दिवसापासून बंद. “मीच तिले सगळ्यांसमोर कोणी नाही म्हटलं नं. रुसली असन,” काका सांगतात. आता तिने पुन्हा टोकावं म्हणून ते मुद्दाम नाही नाही ते करून राहिले. परवा लोधीखेड्यात एका वरातीत, ओळख ना पाळख, बँडपुढे घुसून असे काही नाचले की माझेच कान तापले. पोरं मोबाइल काढून हसत होती. गाणं संपलं तरी काका मान एका बाजूला कलती करून तसेच उभे. मी जवळ गेलो.

“तुले काही ऐकू आलं का रे?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका.”

“मलेही नाही,” ते म्हणाले, आणि बँडवाल्याकडे वळले. “वाजव भाऊ, अजून एक वाजव.”