तपासनिसांचा चेंडू

आमच्या तपासनिसांनी गोल्फची काठी हातात धरली ती नियमांचं पुस्तक पाठ झाल्यावरच. माणसं आधी खेळतात, मग भांडतात आणि भांडण मिटेना म्हणून नियम बघतात. यांनी अख्खा पावसाळा नाशिक रोडच्या घरी गॅलरीत बसून ते पुस्तक वाचून काढलं. दसऱ्याच्या सुमारास मैदानावर आले ते थेट माझी चूक काढायलाच. मी चेंडूमागचं गवत बुटाने हळूच दाबत होतो. "गवत आहे तसं ठेवायचं आणि चेंडू आहे तिथून मारायचा," असं ते मागून म्हणाले. नाव-गाव नंतर विचारलं.

सरकारी छापखान्याच्या तपासणी खात्यातून ते निवृत्त झाले होते. छापलेल्या कागदावरची केसाएवढी खोट नजरेने पकडायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. लग्नाची पत्रिका हातात आली तरी ते आधी ती उजेडात धरत. एकदा त्यांनी हॉटेलचं मेनूकार्ड वेटरला परत केलं आणि रेघा वाकड्या आल्यात म्हणून सांगितलं. तोंडावर आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, माघारी तपासनीस. हे माघारीचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

मैदान म्हणजे गावाबाहेरचा माळ. नऊ भोकं, पुष्कळ बाभळी आणि एक ओढा. भोकाभोवती हिरवळ असते म्हणतात. आमच्याकडे तेल मिसळलेली वाळू पसरलेली असायची आणि तिलाच आम्ही ग्रीन म्हणायचो. रविवारी सकाळी आम्ही चौघे जमत असू. इंदिरानगरातले मुलांचे डॉक्टर, बँकेतला मी, चांदवडचे कांद्याचे व्यापारी आबा, आणि साहेब. साहेब येण्याआधी आमचा कारभार फार सुखाचा होता. चेंडू खड्ड्यात गेला की बुटाने बाहेर. काठी हवेत फिरली आणि चेंडू जागचा हलला नाही, की तो सराव. डॉक्टर तर इतका सराव करत की खेळायला वेळ उरत नसे.

साहेबांनी हे सगळं बंद केलं. भोकापासून जो लांब असेल त्याने आधी मारायचं. दुसरा मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, त्याचा चेंडू आणि भोक यांच्या मधल्या वाटेवर पाय द्यायचा नाही. चेंडू कुणाच्या अंगावर जातोय असं दिसलं तर मात्र लाज न बाळगता ओरडायचं. पाण्यात गेला तर एक फटका जादा मोजून बाहेर ठेवायचा. हरवला तर पाच मिनिटं शोधायचा, मग एक जादा मोजून मुकाट्याने पहिल्या जागी परत. साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण आजही माझा बूट गवताकडे सरकला की मी मागे वळून बघतो.

आबांचा चेंडू एकदा शेणाच्या पोवट्याला टेकला. आता काय, म्हणून आम्ही साहेबांकडे पाहिलं. शेण ही सुटी वस्तू आहे, ती उचलता येते, असा निकाल मिळाला. मात्र उचलताना चेंडू हलला तर एक फटका भरावा लागेल. आबा खाली बसले आणि बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा त्यांनी तो पोवटा उचलला. चेंडू हलला नाही. त्या दिवसापासून आबा साहेबांचे भक्त झाले.

"या खेळाला पंच नाही," साहेब सांगायचे. "शिट्टी आपल्याच तोंडात असते. वाजवायची की नाही, ते आपण ठरवायचं." ते स्वतः फार वाजवत. कुणी पाहिलेलं नसताना झुडपातून आवाज येई, "एक माझ्याकडून." चेंडूंची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपल्या चेंडूवर खूण करायची, हाही त्यांचाच कायदा. दुसऱ्याचा चेंडू मारला तर दोन फटके जादा. त्यांची खूण म्हणजे हिरव्या शाईचे तीन ठिपके, त्रिकोणात.

चार-पाच वर्षं अशी मजेत गेली आणि मग साहेबांचे चेंडू हरवायला लागले. फटका सरळ जाई, चेंडू समोर पडलेला असे आणि साहेब भलतीकडेच चालू लागत. मोतीबिंदू होता, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. विषय काढला की साहेब उन्हाला दोष देत. त्यांच्या थोरल्या भावाचा एक डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, हे त्यांच्या पत्नीने आम्हाला सांगितलं. ज्या माणसाने डोळ्यांवर नाव कमावलं, तो डोळ्यांवर सुरी कशी चालू देणार? एका रविवारी पाच चेंडू हरवल्यावर ते म्हणाले, "आता थांबावं म्हणतो."

पुढच्या रविवारपासून साहेबांचा चेंडू हरवेनासा झाला. तो बाभळीत जाई आणि आबांना गवतावर सापडे. "हा काय साहेब, इथंच हाय." साहेबांचा खेळ सुधारला, चालण्यात ऐट आली, एकदोनदा तर ते जिंकले. डॉक्टरांनी आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

होळीनंतरच्या रविवारी ते आले आणि पहिला फटका मारायच्या जागी त्यांनी दगडावर चार चेंडू ओळीने मांडले. छापखान्यातलं जुनं भिंग त्यांच्या खिशात होतं. घरी चेंडू धुताना त्याखाली धरले होते म्हणाले. चारही चेंडूंवर हिरवे तीन ठिपके होते, पण एका रेषेत. कांद्याच्या गोणीवर मारावेत तसे ठसठशीत.

आबांनी मान खाली घातली. मैत्री संपली असं मला वाटलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून, साहेब. तुमचा चेंडू काही घावत नव्हता. तुम्ही यायचं बंद केलं असतं तर आमाला लय जड गेलं असतं."

साहेबांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग दिवाळीपासूनचे आपले सगळे डाव बाद, असं त्यांनी जाहीर केलं. चुकीचा चेंडू खेळून तो दुरुस्त न करणारा खेळाडू बाद होतो, त्याला माहीत असो वा नसो. आम्ही हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आयुष्यभर खोट पकडली," ते म्हणाले, "आणि या खिशात चार महिने खोटा माल घेऊन हिंडलो. मला भीती वाटते हो. आबा, दवाखान्यात तुम्ही याल का बरोबर?"

आबांनी जीपची किल्ली काढली आणि साहेबांना घेऊन निघालेसुद्धा. तो रविवारचा खेळ तिथेच राहिला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. आबा बाहेरच्या बाकावर बसून होते, चहासुद्धा घेईनात. पट्टी सुटल्याची बातमी त्यांनीच फोनवर दिली. साहेबांनी डोळा उघडल्यावर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहून शाई फिकी आल्याची तक्रार केली होती. बँकेत मी फोन ठेवला आणि गिऱ्हाईक समोर असताना मोठ्याने हसलो. इतकं हलकं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर साहेब मैदानावर आले. काळा चष्मा, नवी टोपी. पहिलाच फटका उंच गेला आणि उजवीकडे वळला. आम्ही तिघेही सवयीने एकदम ओरडलो, "साहेब, उजवीकडे, बाभळीखाली!"

साहेबांनी मागे न बघता हात वर केला.

"मला दिसतोय," ते म्हणाले. "तुम्ही आपापले चेंडू बघा."

आणि ते एकटेच त्या बाभळीकडे चालू लागले. आबांनी टोपी काढून तोंड पुसलं, आणि पाळी त्यांची असूनही बराच वेळ काठी उचलली नाही.