कापसानं पुसलेला कार्बेटर

आमचा बुढा आज सकाळी गेला.
चहा अर्धा ठेवून. एरवी कप चाटून ठेवणारा माणूस.

सकाळपासून सारे फोनवर लिहून राह्यले, देवमाणूस होते, देवमाणूस होते.
देवमाणूस नव्हते. घाबरट होते. मले विचारा.

पंचावन-छप्पन साल असंन. मले सेलूले दिली. घरी कापसाचा धंदा. अंगणात कापूस, ओट्यावर कापूस, वरणात कापूस.

माहेर गिरडचं. बाप नाई, भाऊ नाई, आई एकटी. अन् माहेरचा माणूस न्यायले आल्याशिवाय सून घराबाहेर पाय टाकत नव्हती.
मले न्यायले कोण येणार?
दोन वर्षं बसून होती मी त्या घरात. खिडकीतून रस्ता दिसे, तेवढंच.

मंग निरोप आला, आई अंथरुणातून उठत नाई.

सासू म्हणे, "न्यायले आलं का कोणी? नाई ना? मंग?"
हे म्हणाले, "मी सोडून येतो, मोटरसायकलनं."
मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी होती याइची. सासू काहीच बोलली नाई. ते गप्प राह्यली म्हणजे नाई समजायचं.

निघालो. गावाबाहेरचा नाला ओलांडला, गाडीनं गचके खाल्ले अन् बंद.
घटकाभर थांबलं की चालू. जरा पुढं गेलं की पुन्हा बंद.
हे कार्बेटर खोलत, पुसत, बसवत. पुन्हा तेच. शेवटी गाडी लोटत घरी.

दारात सासू. "देवाच्याच मनात नाई, बाई."

आठ दिसानं पुन्हा निघालो. पुन्हा नाला, पुन्हा बंद.

तिसऱ्या खेपेस मी बाभळीखाली बसून याइचे हात पाहून राह्यली. खिशातून कापसाचा बोळा काढला. कार्बेटरची वाटी पुसली. पेट्रोल ज्यातून जाते तो पितळेचा जेट पुसला.
मी जेट उचलला, उन्हात धरला. सुईएवढं भोक त्याले. उजेडच दिसेना.
फुकलं तं कापसाचा तंतू निघाला.

"अवो, तुम्ही पुसून राह्यले का भरून राह्यले?"
याइनं जेट मागायले हात पुढं केला.
"गाडी थांबली का तंतू खाली बसते. चालली का पुन्हा भोकात. इतलं समजत नाई तुमाले?"

खाली पाहत म्हणाले, "समजते."

मी जेट मुठीत धरला.

"माय म्हणते, गेली तं परत येणार नाई. तू म्हणतं, घेऊन चाला. गाडी बंद पडली का तुम्ही दोघी गाडीले शिव्या देता. मले कोणी काई म्हणत नाई."

त्या घरात हे बी अडकून होते, तवा समजलं मले.
पण कीव नाई आली. याइची माय घरी धडधाकट होती. माही मरून राह्यली होती.

टाकीची तोटी सोडली, वाटी पेट्रोलनं धुतली. जेट तोंडात धरून फुकला. बोळा नाल्यात फेकला.
"बसवा."

किक मारली. चालू झाली.
हे पाय खाली टेकून तसेच बसलेले. "कोणीकडं?"
"गाडीचं तोंड आहे तिकडं."

गिरडची टेकडी दिसेपर्यंत गाडी एकदा बी बंद नाई पडली.

आईनं ओळखलं मले. जवळ ओढलं अन् म्हणे, "रॉकेल पेली का वं?"
शेवटपर्यंत तिच्याजवळ होती मी. मंग ते गेली.
तितले दिस हे ओसरीत बसून. घरी एकटं जायची हिंमत नव्हती.

परत आलो तं सासू याइच्याशी वर्षभर बोलली नाई. माह्याशी बोलली.

गाडी अजून शेडात आहे. परवापर्यंत हे पुसत होते. जुन्या धोतरानं. कापसाले पुन्हा हात नाई लावला.

अवो, जा आता तुम्ही. या खेपेस मधात कुठं थांबले नाई, बरं केलं.
माहेरचं कोणी उरलं नाई मले. न्यायले तुम्हीच येजा.
घाई नाई.