बिनमालकाच्या बांधीत मालकाचं जेवण

रामटेककडे बिनमालकाची जमीन आहे, ही खबर अरुणची. अरुण म्हणजे माझा दलाल. "साहेब, मालक मेला, बायको आधीच गेली, लेकरू ना बाळ. सात-बारावर अजून मेलेलाच माणूस. सरकारजमा व्हायच्या आधी आपला कोणी वारस उभा करू."

जमिनीच्या धंद्यात महाल भागातल्या पानठेल्यापासून सदरच्या ऑफिसपर्यंत मी लोकांचं ऐकत ऐकतच आलो. रिकाम्या जमिनी पुष्कळ पाहिल्या, पण जिच्यावर कोणाचाच डोळा नाही अशी एकही नाही. म्हटलं, बघून तरी येऊ. अक्षय्य तृतीयेची सुट्टी होती.

उन्हाळ्यात जाणार असाल तर तर्रीपोहे खाऊन सकाळीच निघा. कामठी, मग कन्हानचा पूल, मनसरला उजवीकडे वळायचं. रस्ता चांगला आहे. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या मात्र दुपारी अनवाणी चढू नका, मी चढलो आणि पाय भाजून घेतले. वरून शेतांचे धुरे, म्हणजे बांध, स्पष्ट दिसतात, मालक दिसत नाहीत.

ती बांधी गावाबाहेर होती. धानाची जमीन, पण पडीक, भेगाळलेली. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी धुरा कोरून कोरून वीतभर ठेवला होता. मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी पळसाची पत्रावळ मांडून बसली होती. अरुण गाडीतला एसी सोडेना, मी एकटाच उतरलो.

"भाऊ, जेवले का तुमी?" म्हातारीनं विचारलं.

"नाही, माय. काहून?"

"मंग बसा. मालकाचं पित्र उपाशी हाये."

ती गिरजाबाई. तिचा नवरा जन्मभर या मालकाकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता. आता दोघेही नाहीत. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे इकडच्या आखजीला, मेलेल्याच्या नावानं कोणाला तरी जेवू घालतात. तो जेवला की पित्र जेवलं. पण या पत्रावळीवर गावातला एकही गडी बसेना.

शेजारचा शेतकरी धुऱ्यावर तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता. म्हणाला, "काहून बसू जी? आज जेवलो का उद्या गाव म्हणते, वारस व्हाले आला."

"वारस नाई होत, पण नांगर दर साली आत घालते!" गिरजाबाई कडाडली. "जेवाले बोलावलं का तेवढं याचं पोट भरलेलं राह्यते!"

तो हसला, बाजूला थुंकला.

"गेल्या सालीबी कोणी आलं नाई," ती मला म्हणाली. "तुमी पावणे. तुमाले कोण काय म्हणते?"

तेवढ्यात अरुण गाडीतून उतरलाच. "बसा, साहेब, बसा! गाव साक्षीला आहे. फोटो काढतो, वारसाच्या कामात येईल."

फोटो खरंच कामात आला असता. धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हातारी हात जोडून उभी होती.

"फोन खिशात ठेव," मी अरुणला म्हटलं आणि बसलो.

तिनं माझे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं. भात, कढी, वडे, चिंचवणी वाढली. मग डोक्यावर पदर घेऊन माझ्याकडे न बघताच बोलली, "मालक, बांधी पडीक राह्यली. माह्याच्यानं होत नाई. रागावू नका."

रागावणारा मी कोण? पण त्या घटकेला तिथं रागावायला दुसरं होतंच कोण?

"पोट भरलं, मालक?"

"भरलं," मी म्हटलं.

परतताना कामठी आली. अरुण म्हणाला, "कागद करायचे ना, साहेब?"

"मालक आहे तिथं. जेवताना पाहिलास की."

त्याला वाटलं, ऊन लागलं. घरी बायकोनं कपाळाचं कुंकू पाहून विचारलं, देवाला गेले होते का? मी हो म्हटलं.

पावसाच्या आधीच अरुणला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. बांधीला आता तारेचं कुंपण आहे असं कानावर आलंय. मी नाही म्हटल्यानं जमीन वाचली नाही, फक्त माझ्या नावावर आली नाही. कुंपण कोणाचं, ते मी विचारलं नाही. मोहाचं झाड आत गेलं असणार. पुढच्या आखजीला गिरजाबाई पत्रावळ घेऊन येईल, तेव्हा ती तारेच्या कोणत्या बाजूला मांडेल, हे मात्र डोक्यातून जात नाही.