माझा शोध मीच छापून टाकला

पेटंटचा पहिला नियम अगदी साधा आहे: आधी अर्ज करा, मग जगाला सांगा. मी बरोबर उलटं केलं. आणि कुठे? तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत.

मी बडोद्यातल्या एका छोट्या टेलिकॉम कंपनीत वायरलेसचं काम बघते. खांबांवर आणि गच्च्यांवर आम्ही नेटवर्कच्या पेट्या लावतो. मांडवीसारख्या गर्दीच्या भागात एकाच पेटीवर ताण यायचा आणि लोकांचे फोन लागायचे नाहीत. त्यावर मी एक युक्ती काढली. ताण आला की शेजारशेजारच्या पेट्यांनी वरच्या केंद्राला न विचारता आपापसांत काम वाटून घ्यायचं. शिवाय कालची गर्दी लक्षात ठेवून आज आधीच तयार राहायचं. या युक्तीपायी दोन वर्षं मी घरच्यांचं डोकं खाल्लं, आणि ती जमली तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

नेमका तेव्हाच मंडळाला देखाव्यासाठी विषय सुचत नव्हता. मी पुढे सरसावले. पुठ्ठ्याची मांडवी, तिच्या चारी बाजूंना पेट्या, त्यांत लुकलुकणारे दिवे. मंडळाच्या स्मरणिकेत दोन पानी लेखही लिहिला, आकृत्यांसकट, हातचं काहीही न राखता. दहा दिवस बायका मला थांबवून ‘छान समजावलंस गं’ म्हणत होत्या आणि मी फुगत होते. कंपनीने पेटंटचा अर्ज केला तो त्यानंतर चार महिन्यांनी, संशोधक म्हणून माझं नाव घालून. गणपतीचा आणि पेटंटचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग आम्ही डभोईला पसरायला निघालो. आमचे मालक गुजराती, सत्तरीचे, मूळचे डभोईचेच. आपल्या गावात आपल्या कंपनीचे खांब बघायची त्यांना भारी हौस. खांब उभे राहिले, पेट्या चढल्या, आणि एका बड्या कंपनीची नोटीस आली. तिलाही डभोई हवं होतं. पेट्यांनी काम वाटून घेण्याची पद्धत आमच्या पेटंटची आहे, ती तुम्ही चोरलीत, काम थांबवा, असं तिचं म्हणणं. त्यांचा अर्ज आमच्या अर्जाआधीचा निघाला, पण त्या गणपतीनंतरचा. काम बंद पडलं.

आमच्या वकीलबाईंनी तडजोड आणली. डभोई सोडायचं, बडोद्यातलं चालू ठेवायचं. कालची गर्दी लक्षात ठेवण्याचा भाग त्यांच्या पेटंटमध्ये नव्हता, तेव्हा तेवढ्याचं पेटंट कंपनीला, संशोधक म्हणून माझ्या नावासह, मिळू शकलं असतं. उठता उठता बाईंनी विचारलं, त्यांच्या अर्जाआधी ही पद्धत तुम्ही कुठे जाहीर केली होती का? केली असेल तर त्यांचं पेटंट उडेल. मात्र तुमचंही उडेल, सगळंच्या सगळं. मला स्मरणिकेतला लेख आठवला.

‘आठवून सांगते,’ एवढंच मी म्हटलं. खरं सांगते, लपवायचाच विचार होता. मराठी मंडळाची स्मरणिका, कोण कुत्रं वाचतंय! शोध लावणारी म्हणून सरकारी कागदावर माझं नाव येणार होतं, आणि ते मला हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं. पण डभोईच्या खांबांवर लोंबणाऱ्या वायरी डोळ्यांपुढून हलेनात. आणि ती नोटीस! माझ्याच डोक्यातून निघालेल्या कामाला चोरी म्हणत होते. तो राग हावेला पुरून उरला.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरीकाकांकडून स्मरणिका मागून आणली. त्यांनी कौतुकाने तीन प्रती दिल्या. एक मालकांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना मराठी वाचता येतं. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली.

“बेन, तमारुं नाम जशे,” ते म्हणाले.

“जाऊ दे नाव,” मी म्हटलं. “डभोई सोडायचं नाही.”

वर्षभर कागदांची लढाई चालली. त्यांचं पेटंट रद्द झालं. आमचा अर्जही फेटाळला गेला, आणि पुरावा म्हणून माझ्याच लेखाचा हवाला होता. ते पत्र घेऊन मी ऑफिसच्या जिन्यात बसले आणि हमसून रडले. मालकांनी पाहिलं. त्यांनी चहा पाठवला.

आता ती युक्ती कोणाचीच नाही. डभोईत त्या बड्या कंपनीच्याही पेट्या लागल्यात, आमच्या खांबांच्या अगदी समोर, आणि त्या माझ्याच पद्धतीने चालतात. मला त्यांना अडवता येत नाही. म्हणून दर महिन्याला मी डभोईला जाते, दोन हातांत दोन कंपन्यांचे दोन फोन घेऊन भरबाजारातून चालते आणि बघते, कोणाचा आधी लागतो. बहुतेक वेळा आमचा लागतो. ज्या दिवशी लागत नाही, त्या दिवशी तो लागेपर्यंत मी तिथून हलत नाही.